वाईट केसनंतर सगळ्या टीमला गोल बसवून बोलतं करावं का? (रुग्णवाहिका आणि कॅज्युअल्टी, ठाणे)

पाळी_समन्वयक_ठाणे

नमस्कार. घोडबंदर पट्ट्यातल्या एका खासगी रुग्णालयात रुग्णवाहिका आणि कॅज्युअल्टीच्या (आपत्कालीन विभागाच्या) पाळ्या मी लावतो. डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, पायलट (रुग्णवाहिकेचे चालक), मामा-मावशी (मदतनीस) असे सगळे मिळून सोळा जण आहेत. गेल्या आठवड्यात एकाच कुटुंबाच्या अपघाताची केस आली. दोन लहान मुलं ब्रॉट डेड, म्हणजे आणली तेव्हाच मृत. तेव्हापासून दोघा पायलटांची झोप उडाली आहे आणि एक सिस्टर लहान मुलाची केस आली की तिथून निघून जातात.

व्यवस्थापनाने सोमवारी समुपदेशक बोलावला आहे. सगळ्यांनी गोलात बसून काय पाहिलं, काय वाटलं ते सांगायचं, आणि हजेरी सक्तीची. हे करावं का? नाही तर पहिल्या महिन्यात काय करायचं? आणि मानसोपचारातलं शिक्षण नसताना, कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं हे मी कसं ओळखू?

आघातोपचार_नौपाडा

सोमवारचं सत्र या स्वरूपात होऊ देऊ नका. ही पद्धत जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या अग्निशमन आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांसाठी मांडली. तिचे सात टप्पे आहेत: आधी घटना, मग विचार, मग सर्वांत वाईट क्षण, असं एकेकाला बोलतं करायचं. पुढे तिची तपासणी झाली. २००२ च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) एकवेळच्या अशा सत्राने पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक आजार) टळतो असं दिसलं नाही. भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७ च्या चाचणीत तर १३ महिन्यांनी सत्र घेतलेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता, न घेतलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका असं सत्र देऊच नका म्हणते.

नुकसान का होतं? ज्याचं शरीर अजून धडधडतंय त्याच्याकडून सगळं पुन्हा वदवलं, तर आठवण निवण्याऐवजी आणखी खोल रुतू शकते. शिवाय मुलाला उचलणाऱ्या ब्रदरचं वर्णन गोलात बसलेल्या मावशीही ऐकतात. जे तिने पाहिलंच नव्हतं, ते आता तिच्याही डोक्यात बसतं.

बोलू द्यायचं, फक्त सक्ती करायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र तीन शब्दांचं आहे: पाहा, ऐका, जोडा. तुमच्या कामात ते असं बसवा. पाळी संपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांना एकत्र घ्या. बोलणारे तुम्ही. काय घडलं, जे वाचले त्यांची आज काय स्थिती आहे, पुढचे दोन दिवस ड्युटी कोणाची, काही वाटलं तर फोन कोणाला करायचा, एवढंच. कोणाला बोलायचं असेल तर बोलेल, पण आळीपाळीने प्रत्येकाला विचारायचं नाही. मग अंघोळ, कपडे बदलणं, गरम जेवण, घरी फोन. अशा पाळीनंतर कोणालाही दुचाकीवरून घोडबंदर किंवा पाम बीच रोडने एकटं सोडू नका, गाडीने घरी पोचवा.

ब्रिटिश रॉयल मरीन्समधून आलेली ट्रिम नावाची पद्धत तुमच्यासारख्या ठिकाणी जास्त उपयोगाची आहे. तीत मानसोपचारतज्ज्ञ नसतो. प्रशिक्षण घेतलेला सहकारी घटनेनंतर साधारण ७२ तासांनी आणि पुन्हा महिन्याने भेटून ठरलेले प्रश्न विचारतो. प्रसंग हाताबाहेर गेला असं वाटलं का, मरू असं वाटलं का, स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देतोस का, दारू वाढली का, आधीचा एखादा प्रसंग उसळून आला का. दोन भेटींमधला फरक पाहायचा. त्रास उतरतोय की तिथेच थांबलाय, यावर पुढचं ठरतं.

पहिल्या महिन्यात झोप मोडणं, चित्र डोळ्यासमोर येणं, लहान आवाजाला दचकणं, घरी चिडचिड हे सगळं अपेक्षित आहे आणि बहुतेकांत ते हळूहळू उतरतं. म्हणून पीटीएसडीचं निदान महिन्याआधी होतच नाही. महिन्यानंतर पीसी-पीटीएसडी-५ हे पाच प्रश्न वापरा: दुःस्वप्नं किंवा नको असताना येणाऱ्या आठवणी, टाळाटाळ, सतत सावध राहणं, बधिरपणा, अपराधीपणा. तीन किंवा जास्त ‘हो’ असतील तर तपासणी हवी. पीसीएल-५ या मोठ्या प्रश्नावलीत २० प्रश्न आणि ८० पैकी गुण असतात. ३१ ते ३३ च्या वर गेल्यास तेच. हे कागद ज्याचे त्याने घरी भरावेत. गुण तुमच्या फायलीत गेले की पुढच्या वेळी कोणी खरं लिहिणार नाही.

महिना थांबायचं नाही अशाही खुणा आहेत: सलग काही रात्री जवळजवळ झोपच नाही, झोपेसाठी रोज दारू, मरणाची भाषा, ड्युटीवर हात थिजणं. मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी, आणि सोबत माणूस देऊन.

शोधबचाव_प्रशिक्षक

वरच्या मताला एक पुस्ती. कोक्रेनमधल्या चाचण्या बहुतेक एकेकट्या रुग्णांवरच्या आहेत, एकत्र काम करणाऱ्या तुकडीवरच्या नाहीत. त्यामुळे ‘टीमने एकत्र बसणंच घातक’ असा अर्थ काढू नका. घातक आहे ती सक्ती आणि भावना उकरणं. कामाचा आढावा टीमने एकत्रच घ्यावा, मात्र तो वेगळ्या दिवशी आणि कागद समोर ठेवून.

पायलटला आतून पोखरतो तो एकच प्रश्न: दहा मिनिटं आधी पोचलो असतो तर? ‘तू तुझं बेस्ट केलंस’ म्हणून तो जात नाही. कॉल किती वाजता आला, गाडी कधी निघाली, गायमुखला किती अडकली, रुग्ण कोणत्या अवस्थेत मिळाला, हे लॉगमधून एका ओळीत मांडा. हृदय बंद पडल्यावर सीपीआर आणि शॉकविना दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. कॉल येण्याआधीच किती वेळ गेला होता हे आकड्यात दिसलं की बऱ्याचदा ते ओझं उतरतं. आणि चूक खरंच झाली असेल तर ती व्यवस्थेत कुठे झाली हेही इथेच कळतं. ती झाकली तर माणूस ती स्वतःवर घेतो.

आता मृतदेह हाताळण्याबद्दल, कारण पुढची केस येणारच आहे. चेहरा आणि हात लगेच झाका. खिशातल्या वस्तू, दप्तर, डबा, मोबाइल यांची यादी उचलणाऱ्याने करू नये, दुसऱ्याने करावी. मृताचा फोन वाजत असतो आणि पडद्यावर ‘आई’ दिसतं. त्या क्षणी समोरचा देह आपल्या घरातला होऊन जातो. आघात सर्वांत जास्त याच ओळखीतून होतो. ज्याचं स्वतःचं मूल त्याच वयाचं आहे त्याला त्या कामावर ठेवू नका. जितके लागतील तितकेच हात, बाकीचे दूर; नव्या मुलांना ‘सवय व्हावी’ म्हणून उभं करायचं नाही. नाकाखाली बाम लावायची पद्धत सोडा, पुढे घरात त्याच वासाने आठवण जागी होऊ शकते. पंचनाम्यासाठी लागतील तेवढेच फोटो आणि ते संबंधितांकडेच. ग्रुपवर पडलेले आजच काढायला लावा.

मोठ्या दुर्घटनांत आणखी एक गोष्ट सुटते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीला दरड कोसळल्यावर २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता असताना शोध थांबवला गेला. ठाण्याची टीडीआरएफ (आपत्ती प्रतिसाद दल) तिथे होती. काम अर्धवट सोडून आलो ही भावना बचाव करणाऱ्याला वर्षानुवर्षं छळते. थांबायचा निर्णय का झाला हे अधिकाऱ्याने जागेवर, स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. वर्तमानपत्रातून कळता कामा नये.

पाळी_समन्वयक_ठाणे

दोघांचे आभार, सोमवारचं रद्द करायला सांगतो. दोन अडचणी राहतात. एक पायलट ड्युटी डॉक्टरांकडे अल्प्राझोलामची (चिंता-झोपेची गोळी) चिठ्ठी मागतोय. आणि तो कंत्राटी आहे, उपचाराचं कळलं तर कंत्राटदार काढेल म्हणून घाबरतोय.

सिस्टर_इनचार्ज_वाशी

चिठ्ठी देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची मार्गदर्शिका आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या गटाच्या गोळ्या नकोत म्हणते. त्याने पीटीएसडी टळत नाही, सवय लागते, आणि पायलटच्या बाबतीत तर दुसऱ्या दिवशीची गुंगी स्टिअरिंगवर येते. दारूचंही तसंच: झोप लवकर लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटतो. त्याच्या दोन-तीन आठवड्यांच्या रात्रपाळ्या काढा, गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल. आणि वॉर्डातल्या गोळ्यांचा साठा मोजत जा.

पैशाचं आणि नोकरीचं: वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर तो ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असायला हवा, कंत्राटी असला तरी. वागळे इस्टेट आणि वाशीला त्यांची रुग्णालयं आहेत. वर्गणीच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणाचा भत्ता वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, वेतनाच्या ७० टक्के. आधी पगारपत्रकात कपात होते का ते पाहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. कंत्राटदाराचा फोन आला म्हणून डॉक्टर काहीही सांगू शकत नाहीत.

कुठे जायचं? रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत. तपासणीसाठी ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. ‘वेड्यांचं इस्पितळ’ म्हणून तो कचरत असेल तर पहिल्या दिवशी कोणीतरी सोबत जा. समुपदेशनासाठी ठाण्यातली आयपीएच ही मानसिक आरोग्य संस्था आहे. खासगीत वेळ घेताना फोनवरच विचारा: आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वर्तनावर काम करणारा उपचार) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणीवर काम करणारा उपचार) शिकलेले आहात का? या उपचारांना साधारण ८ ते १२ सत्रं लागतात. तीन-चार सत्रं नुसती ‘पॉझिटिव्ह राहा’ यातच गेली तर दुसरीकडे जा. सर्ट्रालिनसारखी नैराश्यविरोधी औषधं सुरू झाली तर फरक पडायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात ‘काही होत नाही’ म्हणून ती बंद पडतात, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

तुमच्या त्या सिस्टरबद्दल कोणी लिहिलं नाही. त्यांना मुलांच्या केसपासून कायमचं लांब ठेवू नका. टाळलं की भीती पक्की होते आणि मग ती इंजेक्शन रूमपर्यंत पसरते. त्यांना विचारून क्रम ठरवा: आधी तापाचं, स्थिर मूल, फक्त नाडी-तापमान, सोबत सीनियर. ते जमलं की सलाइन. मग साधी जखम. रिससमध्ये (अत्यवस्थ रुग्णांच्या खोलीत) सगळ्यात शेवटी, आणि त्या ‘हो’ म्हणतील तेव्हाच. एखाद्या दिवशी नाही जमलं तर मागच्या पायरीवर या, शेरा लिहू नका. महिन्यानंतरही पहिलीच पायरी अडत असेल तर तेच तपासणीला पाठवायचं कारण समजा.