रात्रीची कबड्डी: फोटो गोठवायचा की हलू द्यायचा?

मातीतला_फोटोवाला:
गेल्या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची कबड्डी होती. साईडलाईनला मांडी घालून बसलो आणि पहिला हाफ सगळा १/१००० सेकंदाच्या शटरवर मारला, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) १२८००. घरी येऊन बघतो तर चढाईवाला निव्वळ पुतळा, पळतोय का उभाय कळेना, वर सगळ्या फोटोत दाणे. मग दुसऱ्या हाफचे १/३० वाले उघडले आणि तिथे कबड्डी दिसली! गडी सेकंदाला सहा मीटर पळतोय धरा, १/३० मध्ये तो वीस सेंटिमीटर सरकतो, तेवढ्यात कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला तर चेहरा बऱ्यापैकी टिकतो आणि मागचं पब्लिक, मंडपाचा पडदा सगळं ओढलं जातं, आणि आयएसओ सरळ ४०० वर येतो. माझं स्पष्ट मत आहे, रात्री हातात कॅमेरा धरून खेळ काढायचा असेल तर ब्लरला घाबरू नका, तोच काढा.

उजवा_कोपरा:
अजिबात पटलं नाही. किती मारले आणि किती निघाले ते आधी सांग. मी स्वतः खेळतो, आमच्यासारख्यांना अख्ख्या सीझनमध्ये एखादा धड फोटो मिळतो, त्यातही तोंड पुसलेलं असेल तर घरी काय दाखवायचं? आणि बोनस घ्यायला एक पाय रेषेपलीकडे टेकताना मागचा पाय हवेत लागतो, पंचांशी वाद होतो तो ह्याच्यावरच. तुझ्या १/३० मध्ये तो पायच दिसणार नाही. खेळाडूची अख्खी मेहनत त्या एका पायात असते रे.

मातीतला_फोटोवाला:
२४० मारले, ९ निघाले. मला ते ९ पुरतात. बोनसचं मान्य, तिथे गोठवलेलाच पाहिजे. पण चढाईवाला सुटून मध्यरेषेकडे झेप घेतो तेव्हा पाय मोजायचा नसतो, जीव तोडून पळणं दाखवायचं असतं.

वायरमन_सातारा:
दोघांच्या वादात एक गोष्ट राहिली. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. १/१००० ला एक फोटो उजळ, पुढचा काळपट, कधी पट्टे पण येतात. १/१०० किंवा १/५० ला दिव्याचे पूर्ण फेरे मिळतात त्यामुळे उजेड सारखा येतो. आणि फ्लॅश कोणी मारू नका प्लीज, चढाईवाल्याच्या डोळ्यावर येतो.

रात्रपाळी_ताई:
मी १/३० च्याच बाजूची आहे पण भाऊ, सरसकट नको. पॅनिंग, म्हणजे माणसाबरोबर कॅमेरा फिरवणं, चालतं ते माणूस तुमच्या समोरून आडवा जातो तेव्हा. साईडलाईनला मध्यरेषेजवळ बसलात तर आत घुसणं आणि परत पळणं दोन्ही आडवं मिळतं, शेवटच्या रेषेमागे बसलात तर तो अंगावरच येतो, मग कॅमेरा फिरवणार कुठे? आणि पकडीत सात जण सात दिशांना ओढत असतात, कोणाबरोबर फिरवायचा? तिथे मी कॅमेरा गच्च धरते, कोपरं बरगड्यांना, १/१५, आणि ज्याने घोटा धरलाय त्याच्यावर फोकस. तो बिचारा दात आवळून जागचा हलत नाही, बाकी सगळे त्याच्याभोवती वाहतात. तुमचे २३१ वाया गेले ते बहुतेक वरखाली हात हलल्यामुळे, त्याला ब्लर म्हणायचं नाही, तो नुसता हललेला फोटो. कमरेतून फिरा, शटरचा आवाज झाल्यावरही फिरत राहा, लेन्सवर पॅनिंगचा स्टॅबिलायझर (हात हलणं सावरणारा) मोड असेल तर तो लावा.

उजवा_कोपरा:
हे घोट्याचं आवडलं ताई, कारण तो घोटा धरणारा मीच असतो. तिथे माझा चेहरा येणार असेल तर १/१५ चालेल. पण बोनसला नाही म्हणजे नाही.

मातीतला_फोटोवाला:
वरखाली हलतंय हे खरंय, झूम करून बघितलं. शनिवारी सेमी आहेत, मध्यरेषेला बसतो. आत जाताना १/५००, परतताना १/३०, पकडीला १/१५. डायल न बघता फिरवायची सवय आजपासून घरीच करतोय.