लहान ताईच्या सायकलला मोटर बसवावी का? परिवाराच्या ग्रुपवरील चर्चा

लहान ताई, गाव
सर्वांना नमस्कार. कामासाठी मला रोज पांढरकवड्याला नऊ किलोमीटर जावे आणि तेवढेच परत यावे लागते. सकाळची एसटी मिळते, परंतु संध्याकाळची गाडी माझी सुटी होण्याआधीच निघून जाते आणि मग काळीपिवळीची वाट पाहत महामार्गावर उभे राहावे लागते. कॉलेजच्या दिवसांतील माझी लेडीज सायकल अजून धडधाकट आहे, तिलाच बॅटरी आणि मोटर बसवून घ्यावी असा माझा विचार आहे. स्कूटी घेण्याइतका खर्च मला सध्या करायचा नाही. ज्यांना यातले कळते त्यांनी मोकळेपणाने सांगावे.

मोठे काकाजी, गाव
बाळ, तुझी अडचण आम्ही रोज पाहतो, त्यामुळे मी नाही म्हणत नाही. पण नाल्याकडून वर येणारा चढ, हिवाळ्यात सहा वाजताच पडणारा अंधार आणि महामार्गावरचे ट्रक लक्षात घे. मोटर बसवल्यावर परवाना आणि पासिंगची भानगड मागे लागेल का, आणि या साध्या लोखंडी सायकलला मोटरचा जोर सोसेल का, हे आधी कळले पाहिजे.

मामाजी, यवतमाळ
काकाजींचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या नियम २ मध्ये याची स्पष्ट तरतूद आहे. पायडलला साह्य करणाऱ्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास देता येणारा जोर) ०.२५ किलोवॅट, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी असेल, वेग ताशी २५ किलोमीटरवर जाताच किंवा पायडल मारणे थांबताच मोटरचे साह्य बंद होत असेल, आणि सायकलला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असेल, तर ती मोटार वाहन ठरत नाही. परवाना आणि पासिंगचा प्रश्न त्यामुळे उरत नाही. मात्र या मर्यादेच्या आत राहायचे हे पक्के ठरवूनच पुढे जावे, कारण दुकानात याहून मोठ्या मोटरी सहज पुढे केल्या जातात.

दादा, नागपूर
मामाजी, आपल्याकडचा चढ पाहता मी उलट हजार वॅटची मोटर सुचवणार होतो. मागच्या चाकात ती बसवली की पायडल मारायचीही गरज राहत नाही आणि वेगही चाळीसच्या पुढे मिळतो.

मामाजी, यवतमाळ
दादा, वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, आणि हिचे ब्रेक पायांनी चालणाऱ्या सायकलसाठी बनलेले आहेत. त्यातून जुन्या सायकलींच्या रिमा पोलादी, मुलामा दिलेल्या असतात. पावसात ओल्या झाल्या की ब्रेकचे रबर त्यांच्यावरून घसरत जाते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हजार वॅटला बॅटरीही मोठी आणि जड लागते आणि वाहन कायद्याच्या सवलतीबाहेर जाते, ते वेगळेच.

चढासाठी २५० वॅटच्या आतली, गिअर असलेली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी मोटर, पुरेशी आहे. तिच्या आत लहान दात्यांची चाके असतात, त्यामुळे मोटर स्वतः वेगाने फिरते आणि चाकाला मात्र कमी वेगात जास्त जोर मिळतो. बॅटरी संपली तरी चाक मोकळे फिरते, म्हणजे पायडल मारत घरी येता येते. बिनगिअरच्या मोटरमध्ये चुंबकाची ओढ चाकाला अडवत राहते. मोटर चढाला साह्य करील, तुझ्याऐवजी चढ चढणार नाही, एवढे ताईने मनाशी धरावे.

आता मुख्य गोष्ट चाकाची. आपल्या साध्या सायकलींना साधारणपणे पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, आणि या मोटरींच्या हबला बहुधा ३६ छिद्रे असतात. म्हणजे जुन्या रिमेत मोटर बसवता येत नाही. ३६ छिद्रांची नवी रिम घ्यावी लागते, हबचा व्यास मोठा असल्यामुळे स्पोकही आखूड आणि शक्यतो जाड लागतात. ही रिम ॲल्युमिनियमची घ्यावी, म्हणजे पावसातल्या ब्रेकचा प्रश्नही बराचसा सुटतो. मोटर, बॅटरी वगैरेंचा संच घेताना चाक तयार करूनच मिळत असेल, तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यावेत.

लहान ताई, गाव
मामाजी, मोटर पुढच्या चाकात बसवावी की मागच्या? आणि काकाजींनी विचारलेला जोर सोसण्याचा प्रश्न मलाही पडला आहे.

मामाजी, यवतमाळ
मागच्या चाकात पकड चांगली मिळते हे खरे, पण लेडीज सायकलला बॅटरी ठेवायला मधली मोकळी चौकट नसते, ती कॅरिअरवरच जाते. मोटरही मागे घेतली तर सगळे वजन शेपटाला येते. शिवाय जुन्या सायकलीत मागचा गाळा बहुधा अरुंद असतो आणि मोटरसाठी तो फाकवावा लागतो. म्हणून हिच्यासाठी मी पुढची बाजू पसंत करतो. मुरमावर आणि ओल्या वळणावर पुढचे चाक सटकू शकते, तिथे ताईने मोटरचा जोर घेऊ नये.

सायकलचा चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा भाग, पोलादी आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र मोटर फिरताना तिचा धुरा उलट दिशेने फिरू पाहतो. नट ढिला असेल तर धुरा खाचेतून निसटतो, आतली वायर पिळून तुटते आणि चाकही बाहेर येऊ शकते. त्यासाठी टॉर्क आर्म नावाची पोलादी पट्टी मिळते, तिचे एक टोक धुऱ्यावर आणि दुसरे चिमट्याच्या दांडीवर आवळतात. दुकानदार कितीही म्हणाला, तरी या पट्टीशिवाय सायकल ताब्यात घेऊ नये. चिमट्याला गंज किंवा जुने वेल्डिंग दिसले तर आधी चिमटा बदलावा.

ब्रेकची मूठ दाबताच मोटर बंद करणाऱ्या खास मुठी संचात येतात, त्या बसवाव्यातच. पायडल फिरते की थांबले हे मोटरला कळावे म्हणून पायडलच्या धुऱ्याजवळ चुंबकांची चकती लागते, त्यासाठी पायडलचा दांडा धुऱ्यावर पक्का धरणारी कॉटर पिन ठोकून काढावी लागेल, म्हणून नवी पिन आणून ठेवावी.

आत्याबाई, वर्धा
मला बॅटरीची काळजी वाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सायकल टिनाच्या शेडमध्ये उभी असते. लेकरू ज्या खोलीत झोपते त्याच खोलीत रात्रभर चार्जिंग लावणार असेल, तर मला ते मान्य नाही.

मामाजी, यवतमाळ
आत्याबाई, आपले म्हणणे अगदी बरोबर आहे. लिथियमच्या सेलसाठी चार्जिंगच्या वेळी साधारण ४५ अंश ही वरची मर्यादा धरतात. उन्हातून आल्याबरोबर बॅटरी लावू नये, ती काढून छपरीत फरशीवर निवू द्यावी आणि उन्हाळ्यात पहाटे, सर्व जण जागे असताना चार्ज करावी. जवळ कापूस, कडबा किंवा गाद्या नसाव्यात. आपल्या हवेला लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी मला अधिक योग्य वाटते. ती थोडी जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि टिकतेही जास्त. फक्त तिचा चार्जर वेगळा असतो. दहा सेलच्या नेहमीच्या ३६ व्होल्ट बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टवर थांबतो, तर बारा सेलच्या फॉस्फेट बॅटरीला ४३.८ व्होल्ट लागतात, त्यामुळे अदलाबदल करू नये. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या स्वस्त दिसतात, पण त्या जड असतात आणि रोजच्या वापरात लवकर बसतात.

हिशेब असा आहे. बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची घेतली, तर तिच्यात ३६० वॅट-अवर वीज मावते. पायडल मारत गेल्यास किलोमीटरला दहा-बारा वॅट-अवर धरावेत, म्हणजे अठरा किलोमीटरला दोनशेच्या आसपास लागतात. येण्याजाण्याचे होऊन शिल्लक राहते आणि बॅटरी तळाला जात नाही. पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी खर्च पाच रुपयांच्या आत राहतो. दोन अँपिअरच्या चार्जरला पाच तास लागतात, तेव्हा भारनियमन असेल तर वेळ आधी बघून ठेवावी.

दादा, नागपूर
मामाजींचे पटले, हजार वॅटचा आग्रह मी सोडतो. बॅटरीसह असा संच साधारण १५ ते २५ हजारांत येतो. बिल, वॉरंटी आणि बॅटरीच्या बीएमएसची (बॅटरीला जपणाऱ्या आतल्या सर्किटची) माहिती मी दुकानातून लेखी घेईन.

मोठे काकाजी, गाव
पावसाळ्याचे काय? पांदणीतली काळी माती चाकात बसली की साधी सायकलही हलत नाही, आणि रपट्यावरून पाणी जाते.

मामाजी, यवतमाळ
काकाजी, पावसाचे शिंतोडे मोटर सोसते, पण पाण्यात बुडणे नाही. रपट्यावर पाणी असेल तर त्या दिवशी सायकल घरीच राहील. मडगार्डमध्ये चिखल भरून चाक अडकले असताना मोटर चालू ठेवली, तर मोटरमध्ये करंट जात राहतो, चाक मात्र फिरत नाही आणि आतली गुंडाळी तापून जळते. पांदणीत मोटर बंद करून सायकल ढकलत न्यावी आणि काडीने माती काढावी. सगळे जोड तोंड खाली करून बांधावेत, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी आत शिरणार नाही.

लहान ताई, गाव
बाभळीच्या काट्याने पंक्चर झाले तर मोटरचे चाक मला काढता येईल का?

मामाजी, यवतमाळ
येईल. मोटरच्या वायरचा जोड चाकाजवळच ठेवायला सांगू. या धुऱ्यांना बहुधा १८ नंबरचा पाना लागतो, तो सोबत ठेव. टायरच्या आत काटा अडवणारी पट्टीही टाकून घेऊ.

मोठे काकाजी, गाव
मग माझी हरकत नाही. मात्र परतताना महामार्गाने न येता जुन्या गावरस्त्याने यावे, एक-दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. पुढचा आणि मागचा दिवा माझ्याकडून.

मामाजी, यवतमाळ
दादा, संच आला की सायकल माझ्याकडे पाठवा, चाक मी समोर उभा राहून बसवून घेतो. नवे स्पोक सुरुवातीला ढिले पडतात, म्हणून ताईने आठवडाभर चालवल्यानंतर सायकल एकदा परत आणावी. तेव्हा स्पोक, धुऱ्याचे नट आणि टॉर्क आर्म पुन्हा आवळून देतो.