सर्चमधून येणारे वाचक हळूहळू आटताहेत, शोधायचं कुठून?

मोदकवाली
2015 पासून मराठी पाककृतींची वेबसाइट चालवते. दोनेकशे पाककृती, सगळ्या स्वतः केलेल्या, फोटोही माझेच. एका दिवसात आपटली असती तर कळलं असतं. ही वर्षभर बरणीतल्या तेलासारखी उतरतेय, रोज बघून काही कळत नाही. परवा सर्च कन्सोलमध्ये (गूगल सर्चमधून किती जण येतात ते दाखवणारं गूगलचं साधन) हा सप्टेंबर आणि गेला सप्टेंबर शेजारी लावले आणि पोटात गोळाच आला. क्लिक निम्मे! भाचा म्हणतो थीम जुनी झाली. एका एजन्सीने बॅकलिंकचे, म्हणजे दुसऱ्या साइटवरून माझ्याकडे येणाऱ्या लिंकचे, पंचवीस हजार सांगितलेत. पैसे द्यायच्या आधी विचारतेय, नेमकं बघू काय?

पंचांगवाला
ताई, सप्टेंबरला सप्टेंबर लावू नका. 2024 ला गणेश चतुर्थी 7 सप्टेंबरला होती, यंदा, 2025 ला, 27 ऑगस्टला. मोदकांची गर्दी यंदा ऑगस्टातच उरकली. चतुर्थीआधीचे चौदा दिवस घ्या: तेव्हाचे 24 ऑगस्ट ते 6 सप्टेंबर, यंदाचे 13 ते 26 ऑगस्ट. कन्सोल 16 महिन्यांपलीकडचं दाखवत नाही, तेव्हा आकडे आत्ताच उतरवून ठेवा.

रात्रपाळी
सप्टेंबरच्या मध्यापासून डेस्कटॉपचे इंप्रेशन (निकालांत तुमचं पान किती वेळा दिसलं तो आकडा) पडलेले दिसले तर घाबरू नका. गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवायची सोय बंद केली, तेव्हापासून कित्येकांचे पडलेत. क्लिक बघा, तेही एकेका पानाचे. सगळ्या साइटचा सरासरी क्रमांक म्हणजे आमटी आणि श्रीखंड एकत्र करून चव घेण्यासारखं आहे. इंप्रेशन तेच, क्रमांक तोच, क्लिक कमी, तर बहुधा लोकांना उत्तर वरच एआय ओव्हरव्ह्यूत, म्हणजे निकालांच्या वर गूगलच्या एआयने लिहिलेल्या सारांशात, मिळतंय. क्रमांक घसरला असेल तर ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खासगी) विंडोत शोधून वर कोण आलंय ते बघा. आणि पंचवीस हजार राहू द्या. विकतच्या लिंक गूगलच्या नियमांत बसत नाहीत.

मोदकवाली
बसले काल रात्री. चतुर्थीच्या हिशेबाने मोदकांची घट निम्मी नाही, दहातली एक. उगाच झोप घालवली.
गळती निघाली भलतीकडेच. 'साबुदाणा किती तास भिजवायचा' छापाची पानं दिसतात तेवढीच, पण क्लिक गायब. त्यावर माझा इलाज नाही, एका ओळीच्या उत्तरासाठी आत कोण येणार?
ती दहातली एक मात्र माझंच पाप. मोदकांची माझी चार पानं आहेत, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली. एकाच शोधाला कधी हे वर येतं, कधी ते. त्यात वाटीभर पिठीला पाणी एका पानावर एक वाटी, दुसऱ्यावर सव्वा, तिसऱ्यावर दीड! पिठी ताजी की जुनी यावर ते ठरतं, पण एवढं एक वाक्य चारांतल्या एकाही पानावर नाही. वाचणारीने काय समजायचं?
चारांचं एक करून 301 लावते, म्हणजे जुन्या पत्त्यावर येणारी आपोआप नव्या पानावर जाईल.

रात्रपाळी
ज्या पानाला बाहेरून जास्त लिंक आहेत त्याचा पत्ता ठेवा, बाकीची तीन त्याकडेच वळवा, होमपेजकडे नको. दिवाळी तोंडावर आहे, फराळाच्या पानांना आत्ता हात लावू नका.

मोदकवाली
बरं झालं सांगितलंत. चकल्यांची पाच आहेत.