किती किलो पकडलं, यावरून काय कळतं?

मुळाकाठ: फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतला एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाचा, कारखाना धरला. पुणे, दिल्ली, सांगली मिळून १,७०० किलोंहून जास्त माल, किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर. तेव्हाही कौतुक वाटलं, आजही वाटतं. पण जास्त माल सापडला म्हणजे पोलिस तरबेज झाले, की बाजारातच माल वाढलाय? किलोंवरून दोन्ही म्हणता येतं. माझ्या मते छाप्यानंतर दोन महिन्यांनी गल्लीत पुडी महागली का, मिळेनाशी झाली का, हे बघायला हवं.

खाकीतलं घर: ताई, माझे वडील पोलिसात होते म्हणून बोलतो. पुडीचा भाव विचारायला जाणार कोण? किलो निदान पंचांसमोर काट्यावर मोजता येतात. अंगझडतीच्या आधी अमली पदार्थविरोधी कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ५० प्रमाणे आरोपीला राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क सांगायचा राहिला, तर केस कोर्टात ढासळते. एवढं सांभाळून कारखाना बंद पाडला, तर तेवढा माल पोरांपर्यंत पोचला नाही. हे यश नाही?

मुळाकाठ: कारखान्याच्या बाबतीत मान्य. पण नुसतं सेवन केलं म्हणून त्याच कायद्याच्या कलम २७ खाली धरलेला कॉलेजचा पोरगाही पोलिसांच्या तक्त्यात 'एक गुन्हा' आणि कारखानदारही 'एक गुन्हा'. अशाने संख्या फुगवायला पोरं धरणं सोपं पडतं. आणि भाव विचारायचा नसेल तर सांडपाणी तपासा. युरोपातली शहरं २०११ पासून त्यातले अमली पदार्थांचे अंश मोजताहेत.

सुमन_स: मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. मुळाकाठ, तुमच्या पुडीच्या भावाच्या कसोटीवरही माझा भरवसा नाही. मध्यंतरी एक आई मुलाला घेऊन आली. तिच्या पिशवीत झोपेच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या, रबर लावून जपून ठेवलेल्या. एमडी महागलं, म्हणून पोरगा गोळ्यांवर गेला होता. तुमच्या हिशेबात ती कारवाई यशस्वीच ना? उपचाराला किती जण आले, किती टिकले, हे कुठल्याच पत्रकार परिषदेत ऐकलं नाही मी.

खाकीतलं घर: सुमनताई, पट्ट्यांचं वाचून गलबलून आलं. पण गोळ्या चिठ्ठीशिवाय कुणी विकल्या? तो दुकानदार धरायलाही पोलिसच लागतील. सांडपाणी खुशाल तपासा. फक्त त्या आकड्यावरून ठाण्यातल्या हवालदाराला जाब विचारू नका, अख्ख्या शहराचं व्यसन त्याच्या एकट्याच्या माथी नको.

मुळाकाठ: हवालदाराला नाहीच. जाब वरच्यांना विचारायचाय, आणि पहिला प्रश्न हा की पकडलेल्यांपैकी किती जणांना शिक्षा झाली?