तलंगा कधी विकाव्यात?

कोंबडीची दोन महिन्यांची पिल्लं विकू की अंड्यावर येईपर्यंत थांबू, असं एका भावानं विचारलंय. भावा, जागा आणि खाद्याला पैसा असेल तर थांब. अठरा-वीस आठवड्यांच्या तलंगेला, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबडीला, भाव बरा मिळतो, कारण मरतुकीचा धोका तोवर तू सोसलेला असतोस.

गिऱ्हाईक पहिल्यांदा तुरा बघतं. तो लालभडक झाला आणि हात लावल्यावर कोंबडी दबून बसायला लागली, की अंडं जवळ आलं समजायचं.

आपल्याकडं खरी परीक्षा पावसाळ्यात. गगनबावडा, राधानगरीकडं तर जून ते सप्टेंबर कोंबड्यांखाली अंथरलेलं तूस वाळतच नाही. ओल्या तुसात रक्ती हगवण पसरते. मी पहिल्या वर्षी आळस केला आणि चाळीसातली अकरा गेली. आता रोज सकाळी तूस हलवतो, भिजलेलं काढून टाकतो, पाण्याचं भांडं विटेवर ठेवतो. एवढंच, पण रोज.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नको. पाचव्या-सातव्या दिवशी लासोटा नावाची लस, आठव्या आठवड्याच्या आसपास आर-टू-बी नावाची. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेव. कुपी मोठी येते, शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून घेतली तर परवडते.

खाद्यात शिंपल्याचा चुरा मात्र अंडं सुरू होताना घाल. आधीपासून घातला तर मूत्रपिंडावर ताण येतो.

आणि नर वेगळे काढ. आपल्या गावात रश्श्याला गावरान कोंबडा मागणारे कमी नाहीत, त्यांचं गिऱ्हाईकच निराळं.