डुकराच्या केसांचा ब्रश आता बाद करावा का?

कोकणपाऊस: वेट शेव्हिंगच्या, म्हणजे ब्रशने फेस करून दाढी करण्याच्या नादाला लागलेल्या प्रत्येकाला सांगितलं जातं, "बोअरच (डुकराच्या केसांचा ब्रश) घ्या, एकदा मुरला की तोड नाही." हा सल्ला मला पटत नाही. सिंथेटिकचा धागा पाणी पीत नाही, त्यामुळे भिजत घालायची भानगड नाही. २४ मिमीचा टक्सिडो (काळ्या-पांढऱ्या मऊ सिंथेटिक धाग्यांचा) नॉट, म्हणजे दांड्यात बसवलेली केसांची गाठ, ओला करून झटकायचा, टोकावर बदामाएवढी क्रीम घ्यायची. गालावर मिनिटभर फिरवला की घट्ट फेस तयार, आणि काही तासांत ब्रश कोरडा. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर बोअर धड सुकतच नाही. बुडाशी ओल राहते, मग कुबट वास, मग बुरशी.

सुलटउलट: साफ असहमत. क्रीमवर ब्रश जोखू नका, क्रीम बोटांनीही फेसाळते. कडक साबणाची वडी घ्या आणि बघा. बोअरचा ताठ केस साबण खरवडून घेतो, टक्सिडो वरून घसरतो. शिवाय टक्सिडो दाबून सोडला की उसळतो आणि शिंतोडे आरशावर.

बोअर बिघडतो तो चुकीच्या वापराने. कोमट पाण्यात ३-४ मिनिटं फक्त केस बुडवा. गाठीचा गोंद सुटू नये म्हणून दांडा पाण्याबाहेर ठेवा. उकळतं पाणी नको, केस ठिसूळ होतात. दोनदा झटका आणि वडीवर अर्धा मिनिट फिरवा. नवा ब्रश पहिले १५-२० वेळा फेस गिळतो, कारण केस पाणी ओढून घेतो आणि फेस मध्येच कोरडा पडतो. तेव्हा साबण वाढवू नका, थेंब थेंब पाणी द्या. हळूहळू टोकं दुभंगतात आणि ब्रश टोकाला मऊ, कण्याला ताठ होतो. ही जोडी सिंथेटिकला जमत नाही.

वाटीभर_पाणी: दोघंही पाणी विसरलात. बोअरवेलच्या दुष्फेन पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका होतो. मोठे बुडबुडे येतात, फेस गालावरच विरतो आणि खापर ब्रशवर फुटतं. तोच ब्रश, तोच साबण घेऊन ३०-४० मिली आरओचं पाणी वापरून बघा. फरक पडला तर दोष पाण्याचा. उकळून सगळे क्षार जात नाहीत. साका केसांच्या मुळाशी बसून ब्रश कडक झाला असेल, तर दहा भाग पाण्यात एक भाग व्हिनेगर घालून पाच मिनिटं टोकं बुडवा आणि नीट धुवा.

माळकरी: डुकराचे केस चेहऱ्याला लावायचेच नाहीत, अशीही घरं आहेत. तिथे वाद संपला. फक्त स्वस्त ब्रशवर नुसतं 'नॅचरल ब्रिसल' लिहिलेलं असेल तर तो बहुधा बोअर. शंका आली तर एक केस ओढून जाळा. खरा केस करपल्याचा वास येतो, सिंथेटिक वितळून त्याचा मणी होतो.

कोकणपाऊस: पाण्याचं मान्य. वडीवर घसरण्याला मात्र उपाय आहे. आंघोळीला जाताना वडीवर चमचाभर पाणी घाला, पाच मिनिटांत वरचा थर मऊ होतो आणि टक्सिडोही साबण उचलतो. नाहीतर आर्कोसारखी दाढीच्या साबणाची स्टिक थेट खुंटांवर घासा. मग बोअरचा ताठपणा हवा कशाला?

सुलटउलट: स्टिकचा साबण आडव्या खुंटांच्या मुळाशी न्यायला. गळ्यावर, हनुवटीखाली केस कातडीला चिकटून असतात. तिथे मऊ ब्रश वरवर रंगवतो आणि उलटा हात मारताना ब्लेड अडतं. ओलीबद्दल तुमचं बरोबर आहे. ओमेगा कंपनीच्या १००४९ सारखा लांब केसांचा बोअर ब्रश पावसाळ्यात नकोच. आखूड, विरळ नॉटचे दोन घ्या आणि दिवसाआड वापरा. धुऊन टॉवेलवर टिपा आणि न्हाणीघराबाहेर, वाऱ्यावर टांगा.