किनाऱ्याच्या वाडीला भुयारी गटार हवं की नको? (गुहागर, मुरूड, मालवण पट्ट्यातल्यांनी जरूर लिहा)

पुळणकर

"आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही." किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत हे वाक्य अभिमानानं ऐकवलं जातं. खरं तर हा टाकीविरुद्धचाच पुरावा आहे. पाच माणसांच्या घरची नीट बांधलेली सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांत गाळानं निम्मी भरायलाच हवी. भरत नसेल तर तिला तळ नाही. चार बाजूंनी चिरे रचायचे, सांधे कोरडे सोडायचे, खाली वाळू तशीच ठेवायची आणि वर लादी टाकायची, की झाली 'टाकी'. तो शोषखड्डाच, फक्त नाव मोठं.

आतल्या गावात जांभ्यावर हे थोडंफार खपून जातं. पुळणीवर नाही. वाळूतून पाणी झरझर उतरतं, गाळलं जायला वेळच मिळत नाही. त्यात ऑगस्टमध्ये भूजल जमिनीखाली मीटरभरावर येतं, म्हणजे खड्ड्याचा तळ सरळ विहिरीच्याच पाण्यात. आयएस २४७० या भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा आणि पिण्याची विहीर यांत १८ मीटर अंतर हवं. गुहागरसारख्या गावात रस्त्यापासून समुद्रापर्यंत लांबच लांब, चिंचोळी आगरं (माड-पोफळीच्या बागा). आगर वीस मीटर रुंद असेल तर स्वतःची टाकी लांब नेता येते, पण ती शेजाऱ्याच्या विहिरीला खेटते.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. घरागणिक उपाय इथे चालणार नाहीत. नगरपंचायतीनं रस्त्यातून मलवाहिनी घालावी आणि सगळ्यांनी जोडणी घ्यावी.

उतारमापी

निदान शंभर टक्के मान्य, औषध नाही. गुरुत्वावर चालणारी गटारवाहिनी सपाट वाळूत म्हणजे काय, ते आकड्यांत बघा.

२०० मिमीच्या नळाला हजार मीटरला किमान चार मीटर उतार लागतो. १५० मिमीला सहा. त्याखाली वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या आत येतो आणि घाण तळाशी बसते. सुरुवातीला १.२ मीटर खोलीवर नळ टाकला, तर किलोमीटरभर गेल्यावर तो ५.२ मीटर खाली असतो. भूजलाच्या चार मीटर खाली! तिथे खणताना बाजू ढासळतात ते सोडाच, तळाची वाळू उकळल्यासारखी वर येते. खड्ड्यातलं पाणी नुसतं पंपानं उपसलं तर शेजारच्या गडग्याखालची (दगडी कुंपणाखालची) वाळूही त्याबरोबर येते आणि गडगा बसतो. मग दोन्ही बाजूंना पत्रे ठोकायचे, मीटर-दीड मीटरवर उपसानळ्या रोवून आधी पाणी खाली न्यायचं आणि रात्रीसुद्धा पंप थांबवायचा नाही.

हे टाळायचं तर दर ४००-५०० मीटरवर पंपघर घ्यावं लागतं. प्रत्येक पंपघराला दोन पंप (एक चालू, एक राखीव), जनरेटर, जाळी, आणि जाळीत अडकलेलं रोज काढणारा माणूस. नगरपंचायतीकडे आज पाणीपुरवठ्याच्या पंपालाच माणूस पुरत नाही.

शिवाय दर तीस मीटरवर चेंबर. विटांचं बांधलं तर पहिल्याच पावसात भूजल आत झिरपतं. समुद्राच्या बाजूनं ते खारट असतं आणि प्रक्रिया केंद्रातल्या जिवाणूंना क्षार अचानक वाढलेले मानवत नाहीत. म्हणजे लोकांची घाण वाहून न्यायला केलेली योजना चार महिने समुद्र वाहून नेणार.

चिरेबंद

+१ उतारमापी. माझं मत : टाक्या दुरुस्त करा आणि वेळापत्रकानं उपसा. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी हे करून दाखवलंय. टाकी तुंबल्यावर फोन करायचा नाही. दर तीन वर्षांनी गाडी आपणहून दारात येते, पैसे करातून जातात. गोळा केलेला मैला गाळ प्रक्रिया केंद्रात.

साधा हिशोब मांडू. २००० टाक्या, प्रत्येकीतून ३ घनमीटर, तीन वर्षांतून एकदा : वर्षाला २००० घनमीटर. पावसाळ्यात आपल्याकडे उपसा करायचाच नाही (भूजल वर असताना टाकी रिकामी केली तर चिऱ्याच्या भिंती आत येतात), म्हणून कामाचे दिवस धरा २००. रोज १० घनमीटर, म्हणजे ५००० लिटरच्या गाडीच्या दोन फेऱ्या. एवढं कुठल्याही नगरपंचायतीला झेपतं. गाळ वाळवायच्या वाफ्यांवर मात्र छप्पर घालायला विसरू नका. घाटावरचा नकाशा जसाच्या तसा आणला तर कोकणातल्या पावसात वाफ्याचं तळं होतं.

आणि हो, माणूस टाकीत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे आणि आतला वायू दुसऱ्या श्वासाला माणूस आडवा करतो. पाणंदीत गाडी शिरत नसेल तर ट्रॅक्टरवरची छोटी टाकी आणा, नळी लांब घ्या.

पुळणकर

@चिरेबंद, गाळ उपसला म्हणजे प्रश्न मिटला असं तुम्ही धरून चाललात. टाकीत घाणीचा जेमतेम एक तृतीयांश ते निम्मा भार कमी होतो. वरचं पाणी, ज्यात रोगजंतू आणि सगळा नत्र असतो, ते रोज बाहेर पडतंच. आदर्श टाकी बांधा, दोन कप्पे करा, पहिला दोन तृतीयांश ठेवा, आत-बाहेर टी आकाराचे नळ बसवा, तरी ते पाणी शेवटी वाळूतच जाणार ना? विहिरीतलं नायट्रेट (त्या नत्राचंच रूप) लिटरला ४५ मिलीग्रॅमच्या वर गेलं की उकळूनही उपयोग नाही. उकळल्यावर पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं.

ज्यांना शंका आहे त्यांनी पाण्यातले मैल्याचे जंतू ओळखायची एचटूएसची बाटली आणावी, विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरावं, सावलीत ठेवावं. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर वाद संपला.

चिरेबंद

वाद संपत नाही, कारण बाटली काळी पडली म्हणजे शौचालयाचंच पाणी आलं असं होत नाही. गोठा, उकिरडा, कठड्याशिवायची विहीर, कशानंही पडते. शोध घ्यायचा तर संशयित शौचालयात फ्लुरोसीनचा हिरवा रंग घाला आणि भोवतालच्या विहिरींचं पाणी आठ-पंधरा दिवस काचेच्या ग्लासात बघा.

वाळूत जाणाऱ्या पाण्यालाही उपाय आहे. शोषखड्ड्याचा तळ बंद करायचा आणि बाजूंनी अर्धा मीटर जाड बारीक वाळूचा वेढा द्यायचा, ०.२ मिमीच्या आसपासची वाळू. पुळणीवरची जाड वाळू नाही, चाळून घ्यावी लागते. जंतू त्यात अडतात. नत्र अडत नाही, हे कबूल. भूजल फारच वर असेल तर खड्डाच नको, जमिनीवर मातीचा उंच वाफा करून त्यात पाणी सोडा आणि केळी लावा.

बारीक नळी

दोन्ही बाजू 'भुयारी गटार' म्हटलं की शहरातलं मोठं गटार धरून बसल्यात. मधला मार्ग आहे. टाकी ठेवायची. तिच्यात घट्ट मैला बसतो आणि फक्त वरचं निवळ पाणी रस्त्यातल्या ७५ ते ११० मिमीच्या नळीत सोडायचं. घट्ट काही नसल्यामुळे ०.६ मीटर वेगाची अट नाही. नळी मीटरभर खोलीवर, जमिनीबरोबर थोडी वरखाली गेली तरी चालते. बघायचं एवढंच, की वाहत्या पाण्याची रेषा कुठल्याही घराच्या टाकीच्या निकासापेक्षा वर जाता कामा नये. नाहीतर पाणी त्याच घरात उलटं शिरतं. उंचवट्यावर हवा कोंडते, तिथे हवा सोडायची झडप. दर तीस मीटरच्या चेंबरऐवजी शंभर-दीडशे मीटरवर साफसफाईचं तोंड पुरतं.

चिरेबंद म्हणतात तो वेळापत्रकी उपसा इथेही लागतोच. तो बंद पडला की गाळ नळीत जातो आणि सगळी योजना तुंबते. म्हणजे भांडण गटार की उपसा असं नाहीच, दोन्ही लागणार.

उतारमापी

@बारीक नळी, कागदावर उत्तम. पण तुमची नळी टाकीला तळ आहे असं समजून चालते. पहिल्या प्रतिसादात काय लिहिलंय? टाक्यांना तळच नाहीत! अशा टाकीला नळी जोडली की पावसाळ्यात तिच्यातून भूजल वाहायला लागणार. म्हणजे आधी घरोघरी नवी, पाणी न झिरपणारी टाकी.

तीही रिकामी असताना तरंगते. २००० लिटरची प्लास्टिकची टाकी पुरली आणि भोवती जमिनीपर्यंत पाणी आलं, तर तिला वर ढकलणारा जोर साधारण दोन टन. पाण्याखाली काँक्रीटचं कामाला येणारं वजन घनमीटरला दीड टनाच्या आतच, म्हणजे तळाशी जवळजवळ दीड घनमीटर काँक्रीट आणि टाकीवरून त्यात अडकवलेले पट्टे हवेत. वरच्या सैल वाळूचा भरवसा धरू नये. गवंडी हे आपणहून करत नाहीत. 'वाळूच धरून ठेवेल' म्हणतात, आणि पहिल्या उपशानंतर टाकी फूटभर वर येऊन नळ्या मोडते.

सुरूचं बन

फ्लोरिडा कीजमध्ये हाच प्रश्न होता. सच्छिद्र प्रवाळी खडक, जमिनीलगत भूजल, हजारो सेप्टिक टाक्या. तिथे मॅरेथॉन, की लार्गो या भागांत निर्वात वाहिन्या घातल्या. एका केंद्रात हवा खेचतात, दोन-चार घरांमागे एक झडपेची टाकी, नळी उथळ. खोल खणणं नाही, घरात पंप नाही. आपल्याकडे का नको?

उतारमापी

कारण झडप एकदा उघडी अडकली की सगळ्या गल्लीचा दाब पडतो, आणि ती कुठली हे त्याच रात्री शोधायला माणूस लागतो. शिवाय वीज. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगड भागात किती गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती ते आठवा. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते. वीज गेली तरी सेप्टिक टाकी चालते. पंपावरची कुठलीही योजना थांबते, आणि लोक मात्र शौचालयात जायचे थांबत नाहीत.

मागीलदार

सगळे रस्त्यातल्या नळीवर भांडताय. योजना मरते ती रस्ता ते शौचालय या टप्प्यात.

आपल्याकडची जुनी घरं बघा. तोंड रस्त्याकडे, मग अंगण, पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, आणि संडास मागीलदारी, विहिरीच्याही पलीकडे. म्हणजे गटार पुढे, उगम मागे. पन्नास मीटर अंतर धरा. ११० मिमीच्या नळीला साठास एक उतार दिला तर ८३ सेंटिमीटर पडतात. मागे ४५ सेंटिमीटरवर सुरुवात केली तर पुढे १.३ मीटर खोल. त्यातच जमिनीचा कल समुद्राकडे असेल, म्हणजे उलटा, तर तो फरक वेगळा मिळवा. मध्ये घराचा चिऱ्याचा पाया. खालून नळी न्यायला कोणी तयार होत नाही (होऊही नये), म्हणून बाजूच्या बोळातून : दोन वळणं, प्रत्येक वळणाला तपासणी चेंबर. बोळ सामाईक असेल तर चुलतभावाची लेखी संमती. इथेच अर्ध्या जोडण्या अडतात.

जोडण्या अर्ध्या म्हणजे पाणी अर्धं. पाणी अर्धं म्हणजे मोठ्या नळात वेग नाही, घाण बसते, दुर्गंधी येते, आणि 'बघा, आम्ही म्हणालोच होतो' म्हणत उरलेले जोडत नाहीत.

म्हणून अंदाजपत्रकात घराच्या आतली जोडणी ठेकेदाराच्याच कामात धरावी आणि मुख्य नळी शक्य तिथे आगरांच्या मागच्या बाजूनं, पाणंदीतून न्यावी. तो भाग किनारा नियमन क्षेत्रात येतो, परवानगीला वेळ लागेल, पण पन्नास मीटरचे दहा मीटर होतात.

आणखी एक. मोरीचं पाणी माडाला, केळीला जातं ते तसंच जाऊ द्या. ते गटारात ओतायला लावलं तर उन्हाळ्यात माडाला पाणी विहिरीतून उपसून द्यावं लागेल. फेस नि तेलासाठी एक छोटा जाळीचा खड्डा पुरे.

बारीक नळी

मागीलदार, तुमची पाणंदवाली सूचना मान्य. माझी नळी उथळ असल्यामुळे तिथे सहज बसते.

मोरीच्या पाण्यावर मात्र फरक करा. घरगुती ठीक. घरगुती निवासवाल्यांचं नाही. आठ खोल्या, खोलीत तीन माणसं, मे महिन्यात रोज २४ पाहुणे नि घरचे पाच-सहा. टाकी पाच माणसांची, पाणी जेमतेम ११०० लिटरचं, त्यात निम्मा गाळ. नुसत्या शौचालयाचंच माणशी ४० लिटर धरलं तरी दिवसाला १२०० लिटर. पाणी टाकीत अर्धा दिवसही थांबत नाही, मैला तसाच पुढे सरकतो. नगरपंचायतीला सगळं गाव एका दमात जमणार नसेल तर पहिल्या टप्प्यात फक्त निवास, खानावळी आणि मासळी बाजार जोडा. स्वयंपाकघराला तेलाचा सापळा सक्तीचा. वीस-पंचवीस जोडण्यांत निम्मा भार कमी होईल असा माझा अंदाज.

पुळणकर

मूळ प्रतिसादात 'सगळ्यांनी' लिहिलं होतं, ते मागे घेतो. निवासवाले आणि ज्यांच्या टाकीपासून १८ मीटरच्या आत कुणाचीही विहीर आहे ते, हे आधी. पण नवी टाकी + बारीक नळी हे नगरपंचायतीनंच करावं, लोकांवर सोडू नये, यावर ठाम आहे. लोकांवर सोडलं तर पुन्हा बिनतळाचे खड्डेच होतील.

चिरेबंद

आणि प्रक्रिया केंद्र? किनाऱ्याला जागा नाही.

पुळणकर

वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उंच माळावर. निवळ पाणी चढवायला साधा पंप चालतो, मैल्याचा लागत नाही. प्रक्रिया झालेलं पाणी तिथेच आंबा-काजूच्या कलमांना. वीज गेली तर? टाकीत निकासाच्या वर एक दिवसाची रिकामी जागा ठेवायची, आणि पंपघराला जनरेटर. निसर्गसारखं दोन-तीन आठवड्यांचं काही आलं तर डिझेल पोचेपर्यंत जुना शोषखड्डा झडपेनं उघडायचा. हे एक भोक मी मुद्दाम ठेवतोय, उतारमापींना उत्तर म्हणून.

नवीन सभासद

जोडणी झाल्यावर ज्यांना नवी टाकी देणार त्यांच्या जुन्या खड्ड्याचं काय करायचं? काही जण पावसाचं पाणी साठवायला ठेवायचं म्हणतात.

मागीलदार

पावसाचं पाणी साठवायला मुळीच नाही. आधी गाडीनं पूर्ण उपसा, मे महिन्यात, भूजल सगळ्यात खाली असताना. मग वरून चुना मारायचा. तळ काँक्रीटचा असेल तर वरूनच, आत न उतरता, ब्रेकरनं त्याला दोन-तीन भोकं, म्हणजे पावसाळ्यात पाणी साठून राहणार नाही आणि टाकी वर येणार नाही. येणारी नळी कापून तोंड काँक्रीटनं बंद. वरची लादी काढून टाकायचीच. तशीच ठेवली तर पाच-दहा वर्षांनी गाय नाहीतर पोर आत जातं. मग वाळू नि मुरूम एक-एक फुटाचा थर देऊन पाणी मारून ठोकत भरायचं. वायुनळीही काढा, जाळी फाटलेली नळी म्हणजे क्युलेक्स डासांचं दार. ज्यांनी झडपेसाठी खड्डा राखायचा ठरवलंय त्यांनी तो भरू नये, पण तिथे नवी जाळी आणि कुलपाचं झाकण बसवावं.